कणकेत उमटलेली खाच

शाळेची मधली सुट्टी होती. जळगावात मी ज्या शाळेत गणित शिकवते, तिथल्या शिक्षकांच्या खोलीत नुकताच डबा उघडला होता, आणि पिंपळनेरहून राजूचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, शेठ गयात." एवढंच बोलला. कोणते शेठ, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात 'शेठ' म्हटलं की धुळ्याचे पारसशेठ, मशीनचे पट्टे विकणारे... दुसरे कुणी नाहीत. दुपारी जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं राजूनं नंतर सांगितलं. पुढच्या तासाला मी वर्गात गेले, फळ्यावर वर्तुळ काढलं, आणि त्याला स्पर्शिका काढायच्या ऐवजी बाजूला आणखी एक वर्तुळ काढून दोघांभोवती रेघ ओढून बसले. पोरं म्हणाली, "मॅडम, हा तर पट्टा झाला." आमच्या वर्गाला शेठ माहीत होते. दर वर्षी मी त्यांची गोष्ट सांगतेच.

आम्ही पिंपळनेरचे सुतार. आमच्या घराण्यात पदवी पहिल्यांदा मी घेतली, बी.एस्सी., गणितात, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही की संकोच होत नाही. त्या पदवीच्या मागे आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कटर मशीन आहे. लोखंडी टेबल, मधोमध फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर, आणि मोटरची ताकद पात्यापर्यंत नेणारा एक काळा रबरी पट्टा. हे मशीन कुठल्या कंपनीचं नाही. मोटर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची, पट्टा ज्यांच्या खाचेत बसतो त्या पुल्या कुठल्या कुठल्या, टेबल आबांनी वेल्डिंगवाल्यासमोर उभं राहून करून घेतलेलं. त्याच्या आवाजात मी दहावीचा अभ्यास केला, बारावीचा केला. आवाज थांबला की मला झोप यायची.

धुळ्याला कॉलेजात असताना पाचकंदीलजवळच्या एका बोळातून माझं रोजचं जाणं-येणं होतं. तिथं एका दुकानाबाहेर लाकडी बाकडं असायचं आणि त्यावर माणसं मांडीवर लोखंडी पुल्या घेऊन बसलेली असायची. कुणाची पोत्यात गुंडाळलेली, कुणाची फडक्यात. रावेरकडचा एखादा केळीवाला, साक्रीचा गिरणीवाला... दवाखान्याबाहेर बाळं घेऊन बसतात तशी. आत गल्ल्यावर पांढऱ्या शर्टातला एक जाडजूड माणूस मोठमोठ्यानं ओरडत असायचा. "पट्टा दाखवू नका मला! पुली कुठाय? पुली नाही? मग जा, घेऊन या!" ते पारसशेठ. जुना पट्टा नमुना म्हणून आणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते परत पाठवायचे. खाच बघितल्याशिवाय त्या खाचेत बसणारा पट्टा द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. माणसं चिडायची, शेजारच्या दुकानातून नमुन्याबरहुकूम पट्टा घेऊन जायची. शेठ त्यांच्या पाठीवर आवाज टाकायचे, "जा, जा, पावसाळ्यात परत याल!" फुशारकी तर विचारू नका. "नंदुरबारपासून रावेरपर्यंत विचारा, खरा पट्टेवाला मीच. कलेक्टर कचेरीत बसतात ते नुसते नावाचे!" मला हा माणूस तेव्हा फार आगाऊ वाटायचा.

मला जळगावला नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याला घरी आले होते. आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा असते. करवत, रंधा, पटाशा, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, आणि शेवटी कटरला हार. ही पूजा आईची. दसरा झाला, दुसऱ्या दिवशी राजू चौकटीचं लाकूड कापायला उभा राहिला. पातं अर्ध्यात गेलं, अडखळलं, पट्टा किंचाळला... आणि फळी उलटून राजूच्या बरगडीवर आली. जळक्या रबराचा वास आणि त्याची किंकाळी एकदमच माझ्यापर्यंत पोचली. बरगडीला तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, चार बोटं खाली बसली असती तर फार वाईट झालं असतं.

राजूला पट्ट्या बांधून घरी आणलं. आईनं त्याला अंथरुणावर टेकवलं, पदर खोचला आणि आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मना पोऱ्या वाचना, देवनी कृपा. पन ते धूड आते माले घरमा नको. दिवाळीना आधी इकी टाका." आबांनी मशीनवर ताडपत्री टाकली, चारी कोपरे नीट खोचले, आणि ओट्यावर जाऊन बसले. साक्रीच्या भंगारवाल्याला निरोप गेला. दुसऱ्या दिवशीही आबा तसेच ओट्यावर. पेन्सिल कानावर तशीच... काम नसताना. मला ती पेन्सिल बघवेना. मी ताडपत्री उचलली, तुटलेला पट्टा ओढून काढला, पिशवीत टाकला आणि धुळ्याची गाडी पकडली. शेजारच्या दुकानात जाणं सोपं होतं. पण आबांनी आयुष्यभर असेच नमुना दाखवून पट्टे आणले होते, आणि दर वेळी तो थोड्या महिन्यांत सरकायला लागायचा, हे मला माहीत होतं.

"पुली?" शेठनी वरसुद्धा बघितलं नाही.

"निघत नाही. गंजून शाफ्टला बसलीय. बिडाची आहे, ठोकली तर फुटेल म्हणतात आबा."

"आबा बरोबर म्हणतात. मग मी येऊन बघतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर."

"तोवर मशीन भंगारात गेलेलं असेल. तुम्ही उद्या या ना, पिंपळनेर काही लांब नाही."

शेठ जैन. चातुर्मासात त्यांचं व्रत असायचं, धुळ्याची हद्द ओलांडायची नाही. चार महिने, काहीही झालं तरी. सख्ख्या मेहुणीच्या मुलाच्या बारशाला मालेगावला गेले नव्हते, असं बाकड्यावरच्या एकानं मला ऐकवलं. मी मोबाईलवर पुलीचा फोटो दाखवला. "फोटोत खोली दिसत नाही," म्हणाले. मग त्यांनी तुटलेला पट्टा हातात घेतला, दोन बोटांत वाकवला, आणि विचारलं, "मोटरच्या मागं लाकडाचे तुकडे किती लावलेत आबांनी?"

मी चाटच पडले. खरंच होते. एकावर एक, वर्षानुवर्षांचे. मोटर दर वेळी थोडी मागे सारून आबा तुकडा ठोकायचे. शेठ हसायला लागले. "अहो, पट्टा वापरून लांबतो. लांबलेला पट्टा तुम्ही नमुना म्हणून दाखवला, दुकानदारानं तेवढाच लांब दिला. तो आणखी लांबला, तोच पुढचा नमुना. हा पट्टा मूळ पट्ट्याचा पणतू आहे!" सगळं बाकडं हसलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी हा माणूस मला आवडायलाही लागला.

"हसून झालं असेल तर सांगा, काय करायचं," मी म्हणाले. "मी बी.एस्सी. आहे, गणितात. मापं सांगा, घेऊन येते."

"गणित येतं? वा. कणिक मळता येते?"

"हे प्रत्येक शिकलेल्या मुलीला विचारता का?"

आता बाकडं माझ्या बाजूनं हसलं. शेठनी दोन्ही हात जोडले. "चुकलो, मॅडम. कुणीही मळू दे. पण घट्ट मळा, पुरीला मळतो त्याहून घट्ट." मग त्यांनी सांगितलं ते मी आजही पोरांना सांगते. कणकेचा गोळा कोरड्या पिठात घोळवायचा आणि पुलीच्या खाचेत अंगठ्यानं दाबून भरायचा. वरून सपाट करायचा. हळूच सोडवायचा. खाचेचा आकार जसाच्या तसा कणकेत येतो. दोन्ही पुल्यांचे असे ठसे घ्यायचे, पुली फिरवून तीन-तीन ठिकाणी. मोटरमागचे तुकडे काढून मोटर तिच्या मूळ जागी आणायची आणि दोन्ही पुल्यांभोवती वायर फिरवून लांबी घ्यायची, कारण सुतळी ताणली जाते. हे सगळं त्यांनी त्या वेळी, तिथं उभ्या उभ्या शोधून काढलं. "असं आधी कुणाकडून करून घेतलंय?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. "पण व्रत माझं आहे. त्यापायी तुमचं मशीन का जावं?"

घरी कणिक मीच मळली. आबा ओट्यावरून उठून आले आणि मोटर धरून उभे राहिले. आई दारात हाताची घडी घालून बघत होती. ठसे स्टीलच्या डब्यात, खाली पीठ पसरून ठेवले आणि तो डबा मांडीवर घेऊन मी धुळ्याच्या गाडीत बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे. शेजारच्या बाईनं झाकण किलकिलं करून बघितलं. "माहेरनी कणिक लई चालनी का वं बाई? सासरमा पीठ नही का?" माझं लग्नही व्हायचं होतं तेव्हा. मी म्हटलं, मशीनला पट्टा घ्यायचाय. ती बाई साक्रीपर्यंत सरकून बसली.

दुकानात शेठनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि एकेक ठसा दाराशी उजेडात नेऊन बघितला. इतका आरडाओरडा करणारा माणूस इतका गप्प होऊ शकतो, हे बाकड्यावरच्यांनाही नवीन असावं. सगळे माना पुढे काढून बसले होते. शेठनी नवीन पट्ट्याचा एक तुकडा घेऊन ठशाशेजारी ठेवला. पट्टा वर रुंद, खाली निमुळता, आणि बाजू सरळ. पाचर असते तसा. आमचा ठसा मात्र खाली फुगीर होता, वाटीत थापल्यासारखा. "बघा, मॅडम. पट्टा दोन्ही कडांवर अडकतो, तळाला टेकत नाही, म्हणून तो ओढतो. तुमची मोटरची पुली झिजून वाटी झालीय. पट्टा तळाला बसतो आणि घसरतो. कुठलाही पट्टा आणा, घसरणारच. मी तुम्हाला पट्टा विकणार नाही. आधी पुली." मग त्यांचं बोट थांबलं. ठशाच्या टोकाला कणिक लालसर होती, तुपकट चमकत होती.

"हे काय?"

"कुंकू असेल. खंडेनवमीची पूजा असते."

"आणि तेल?"

"तेल-कुंकू दोन्ही. आई पुलीलाच लावते. फिरतो तो देव, म्हणते."

शेठनी ठसा परत डब्यात ठेवला. झाकण लावलं आणि विचारलं, "भाऊ कसा आहे?" मी सांगितलं, बरा आहे. मलाही एव्हाना कळलं होतं... खंडेनवमीला पुलीला तेल, दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी पट्टा घसरून फळी. शेठ पुढे वाकले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "पुली झिजलीय, हे खरं कारण आहे. तेवढं घरी सांगा. लोकांना एक कारण पुरतं. दुसरं आईच्या कानावर घालू नका. आईला ते जन्मभर पुरेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या गल्लीतला लेथवाला पुली खेचायचं हत्यार देऊन पिंपळनेरला पाठवला. व्रत त्यांचं होतं, लेथवाल्याचं नव्हतं. जुनी पुली निघाली, तिच्या मापाची नवी शेठच्या दुकानात आली, पात्याकडची पुली पुसून कोरडी झाली. पट्टा निवडताना मी दुकानातच होते. एकाच नंबरचे पट्टे त्यांनी खुंटीवरून उतरवले. एक नाकाशी नेला आणि टाकला, "हा उन्हात पडलेला." एक वाकवला, आतून बारीक भेगा दिसल्या, तोही टाकला. एक सगळ्या कसोट्यांना उतरला, तो नव्या पुलीत बसवला, वरची कड पुलीच्या काठाशी बरोबर आली. मग पुली बॅटरीच्या उजेडासमोर धरून मला म्हणाले, "तळाशी बघा." पट्ट्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. एवढीशी रेघ. देवळात समईसमोर उभं राहावं तशी मी ती बघत राहिले. आजही डोळे मिटले की दिसते.

मशीन चालू झालं. भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला आणि चहा पिऊन परत गेला. पण आईनं शब्द मागे घेतला नव्हता. शेठनी न बघता पट्टा दिलाय आणि पौर्णिमेनंतर ते स्वतः बघायला येणार आहेत, हे तिनं माझ्याकडून ऐकलं होतं. "ते येतीन, हात लावतीन, मंग मी सांगसू," म्हणाली. तोवर राजूला मशीनजवळ जायची बंदी. आबा एकटेच जरा जरा कापायचे, आणि रोज संध्याकाळी दिवस बुडायच्या आत शेठचा फोन यायचा. "बंद करून, प्लग काढून हात लावा. पट्टा कोमट आहे की गरम?" आबा आयुष्यात फोनवर इतकं कुणाशी बोलले नव्हते.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं शेठ उतरले. सोबत उकळलेल्या पाण्याची बाटली. घरात न येता सरळ मशीनशी गेले, मांडी घालून खाली बसले, तो पांढरा शर्ट भुशात. पट्टा अंगठ्यानं दाबला. पुली हातानं फिरवली. खाचेत बोट घालून बोट बघितलं. आम्ही सगळे उभे. आई सगळ्यात पुढे. तेवढ्या वेळात एवढ्या मोठ्या देहाचा माणूस मला कुणीतरी वेगळाच वाटला... तपासायला आलेला नाही, तर स्वतःला तपासून घ्यायला आलेला. मग उठले, कपडे झटकले आणि आईकडे वळले.

"ताई, एक तक्रार आहे. तुमचा देव तुम्ही खाली अंधारात का लपवता? कुंकू इथं लावा, टेबलाच्या समोरच्या पट्टीवर. गिऱ्हाईक आलं की आधी दिसलं पाहिजे. आणि तेल नको हं, लाकडाला डाग पडतात."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग आत गेली, कुंकवाची कोयरी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर टेबलाच्या पट्टीवर बोट टेकवलं. राजूला म्हणाली, "कर सुरू." जाताना गाडीत पाय ठेवता ठेवता शेठ मला म्हणाले, "मॅडम, एवढे दिवस घास गोड लागत नव्हता." आणि मग नेहमीच्या आवाजात कंडक्टरवर ओरडले.

त्यानंतर जळगाव-पिंपळनेर करताना धुळ्याला गाडी बदलायची म्हणजे दुकानात डोकावणं आलंच. बाकड्यावरच्या लोकांना ते माझी ओळख करून द्यायचे, "ही गणिताची मॅडम. हिनं कणकेत पुली आणली होती." दर वेळी गोष्ट थोडी वाढलेली असायची. शेवटच्या वेळी भेटले तेव्हा मी एकटीनं मोटर उचलली होती, असं सांगत होते. दम लागत होता, खुर्चीवर बसून होते, तरी एका गिऱ्हाइकाला पुली आणायला परत पाठवलंच. मी म्हटलं, शेठ, आता तरी द्या त्याला. म्हणाले, "का? त्याच्याकडे बोटं जास्तीची आहेत का?"

ते गेल्याच्या बातमीनंतर दोन दिवसांनी मी पिंपळनेरला पोचले. घर शांत होतं. मला वाटलं, लाइट गेली असेल. बघते तर आबा मशीनजवळ वाकून मोटर दोन्ही हातांनी उचलून धरत होते आणि आई तिच्याखाली लाकडाचा ठोकळा सारत होती. मशीन बरेच दिवस बंद राहणार असेल तर मोटर उचलून पट्टा सैल सोडावा, ताणलेला ठेवू नये, असं शेठनी आबांना शिकवलं होतं. पण आमच्याकडे मशीन बरेच दिवस कधी बंदच राहिलं नाही, म्हणून तो ठोकळा आजवर कधी लागला नव्हता. "कसाले बंद करी राहिनात?" मी विचारलं. आबा मोटर सोडून सरळ उभे राहिले. "मशीनले सुतक शे," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

आई तिथंच बसून राहिली. तिनं हाताला लागलेला भुसा पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यासनी माले सांगं नही. पन माले समजनं व्हतं. तेल मनाच हातनं व्हतं ना."

एवढी वर्षं मी हे तिच्यापासून जपत होते. शेठ जपत होते. आणि तीही, आम्ही जपतोय हे बघून, आमच्यासाठी जपत होती... मी तिला विचारूनच हे लिहिते आहे. लिही, म्हणाली. त्या दिवशी एवढं बोलून तिनं हात पुढे केला आणि सैल पट्टा बोटानं हलकेच दाबला. तो आत गेला, आणखी आत गेला, आणि तिनं बोट काढल्यावरही तसाच लोंबत राहिला.